घरात एकाला टाइप १ मधुमेह, मग बाकीच्यांचं काय?

घरातल्या एका मुलाला टाइप १ मधुमेह निघाला की सुरुवातीचे आठवडे इंजेक्शनं, शुगरचे आकडे आणि रात्रीची जागरणं यांतच संपतात. जरा हात बसला, की आईवडिलांच्या मनात दबून राहिलेला प्रश्न वर येतो: धाकटीचं काय? तिलाही होणार का? डॉक्टरांना विचारलं तर उत्तरात हमखास दोन गोष्टी येतात, जनुकं आणि ऑटोअँटीबॉडीज. दोन्ही शब्द एका दमात कानावर पडतात आणि घरी येईपर्यंत त्यांची सरमिसळ झालेली असते. कुणी सांगतं, ‘रक्तात मधुमेहाचं जनुक सापडलं’. सापडलेली असते अँटीबॉडी. कुणी म्हणतं, ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, सुटलो एकदाचे’. तो रिपोर्ट असतो रक्त काढलं त्या दिवसापुरता.

या दोन तपासण्यांतला फरक नीट कळला तर अर्धी काळजी कमी होते आणि उरलेली अर्धी योग्य जागी लागते. जनुकं जन्माआधीच ठरलेली असतात आणि ती फक्त कल सांगतात. ऑटोअँटीबॉडीज, म्हणजे आपल्याच शरीरातल्या प्रथिनांविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडीज, पुढे कधीतरी तयार होतात. त्या खरोखर दिसू लागल्या तर आत काहीतरी सुरू झालंय असं समजायचं. जनुकांचं उत्तर आयुष्यभर तेच राहतं, अँटीबॉडीजचं बदलू शकतं. नातेवाइकांना खरी उपयोगाची दुसरी तपासणी आहे, पहिली नव्हे, असं माझं मत आहे. कारणं पुढे येतीलच.

त्याआधी एक खुलासा करायलाच हवा, कारण इथे फार गोंधळ होतो. आजोबांना साठीत लागलेला, गोळ्यांवर चाललेला मधुमेह हा बहुधा टाइप २ असतो. त्याचा या हिशेबाशी संबंध नाही. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी, मारून टाकते. कारण वेगळं, जबाबदार जनुकं बहुतांशी वेगळी, उपचारही वेगळे. त्यामुळे ‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य इथे काहीच सांगत नाही. कोणती साखर, हे विचारावं लागतं.

आधी आकडे बघू

खालचे बहुतेक आकडे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या, मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. इतर वंशांत मूळ प्रमाणही वेगळं असतं आणि जनुकांचं चित्रही थोडं बदलतं. तेव्हा दिशा समजायला हे आकडे घ्यावेत, दशांश धरून बसू नये.

त्या लोकसंख्येत साधारण ३०० जणांमागे एकाला टाइप १ होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर धोका पाच-सहा टक्क्यांच्या आसपास जातो. वडिलांना असेल तर मुलाचा धोकाही जवळपास तेवढाच. आईला असेल तर मात्र तो दोन-तीन टक्क्यांवरच थांबतो. एकाच स्त्रीबीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याचा धोका सगळ्यांत जास्त. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात साठीपर्यंत अशा जुळ्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना तो झाला.

यातला वडील आणि आई यांच्यातला फरक मला कायम कुतूहलाचा वाटत आला आहे. जनुकं दोघांकडून निम्मी-निम्मी येतात, मग आईकडून धोका कमी का? गर्भात असताना बाळाच्या रोगप्रतिकारक यंत्रणेची आईच्या शरीराशी जी ओळख होते तिच्यामुळे थोडं संरक्षण मिळत असावं, असा एक अंदाज आहे. त्यावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही.

‘भावंडाचा धोका पंधरा-वीस पट जास्त’ असं वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते खोटं नाही, पण ते वाचून पोटात गोळा येतो. तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगायची तर टाइप १ असलेल्या मुलांची १०० भावंडं घेतली, तर त्यांतल्या साधारण ९४ जणांना तो होत नाही. छोट्या आकड्याची पंधरापट झाली तरी आकडा छोटाच राहतो. पालकांशी बोलताना सुरुवात या ९४ पासून करावी असं मला वाटतं.

आणि याची उलटी बाजूही आहे. टाइप १ चं नवं निदान झालेल्यांपैकी ८५ ते ९० टक्के लोकांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो. जनुकांचा हात इतका मोठा, तर मग असं कसं? कारण धोका वाढवणारी जनुकं समाजात बऱ्यापैकी पसरलेली आहेत, आणि ती बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांना आजार कधी होतच नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे कुणालाच नव्हता, मग हिला कुठून आला?’ या प्रश्नाचं उत्तर असं की घराण्यात जनुकं होतीच, ती कधी कुणाच्या नजरेस आली नव्हती.

जनुकं नेमकं काय करतात

टाइप १ साठी एकच एक जनुक नाही. जनुकसंचात धोक्याशी जोडलेल्या ६० हून अधिक जागा सापडल्या आहेत, पण जनुकीय धोक्याचा जवळपास निम्मा भार एकाच भागावर पडतो. सहाव्या गुणसूत्रावरचा हा भाग म्हणजे एचएलए. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्याचा आणि या आजाराचा संबंध लक्षात आला.

एचएलए प्रथिनांचं काम म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बारीक तुकडे धरून ते टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवणं. टी-पेशी ते तपासतात आणि हा आपला की परका, हे ठरवतात. प्रत्येकाच्या एचएलए प्रथिनाच्या खोबणीचा आकार थोडा वेगळा असतो, त्यामुळे कोणता तुकडा घट्ट बसेल आणि कोणता निसटेल हेही माणसागणिक बदलतं. डीआर३-डीक्यू२ आणि डीआर४-डीक्यू८ या दोन प्रकारांत इन्शुलिनसारख्या आपल्याच प्रथिनांचे तुकडे अशा तऱ्हेने मांडले जातात की चुकीच्या टी-पेशी जाग्या होण्याची शक्यता वाढते. एक प्रकार आईकडून आणि दुसरा वडिलांकडून, असे दोन्ही ज्याला मिळाले त्याचा धोका सगळ्यांत जास्त. तरीही घरात कुणालाच आजार नसताना ही जोडी घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी साधारण वीसात एकालाच टाइप १ होतो.

उलट डीक्यूबी१*०६:०२ नावाचा एक प्रकार चक्क संरक्षण देतो. युरोपीय वंशाच्या सुमारे २० टक्के लोकांत तो असतो, टाइप १ झालेल्या मुलांत मात्र जेमतेम एका टक्क्यात.

एचएलए बाजूला ठेवलं तर मला सगळ्यांत सुंदर वाटणारं उदाहरण इन्शुलिनच्याच जनुकाचं आहे. अकराव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या अगदी शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. काहींत थोड्या वेळा, काहींत पुष्कळ. पुनरावृत्ती जास्त असलेल्यांना टाइप १ कमी होतो. याचं कारण स्वादुपिंडात शोधून सापडत नाही, ते छातीत, थायमस ग्रंथीत सापडतं. लहानपणी टी-पेशी या ग्रंथीत शिकून बाहेर पडतात. तिथे शरीरातल्या निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने त्यांना दाखवले जातात, आणि आपल्याच प्रथिनावर चवताळून उठणाऱ्या टी-पेशी तिथल्या तिथे नष्ट केल्या जातात. पुनरावृत्ती जास्त असेल तर थायमसमध्ये इन्शुलिन दोन-तीनपट जास्त बनतं, म्हणजे इन्शुलिनवर डोळा ठेवणाऱ्या टी-पेशी शाळेतच पकडल्या जातात. कमी असेल तर काही निसटतात. साखरेशी काडीचा संबंध नसलेल्या एका ग्रंथीत मधुमेहाचं बीज पडावं, हे मला अजूनही अचंब्याचं वाटतं.

बाकीची जनुकं, पीटीपीएन२२, सीटीएलए४, आयएल२आरए वगैरे, टी-पेशींचा लगाम ढिला-घट्ट करणारी आहेत. आयएफआयएच१ विषाणूंची चाहूल घेतं. प्रत्येकाचा वाटा लहान. हे सगळे छोटे-मोठे वाटे एकत्र करून एक गुण काढता येतो. संशोधनात तो चांगला उपयोगी पडतो, पण तो ज्या वंशाच्या लोकांवर बेतला त्यांच्यापलीकडे त्याची अचूकता घसरते.

भावंडांमध्ये एक गंमत असते. आईकडून एचएलएच्या दोनांपैकी एक प्रत येते, वडिलांकडूनही दोनांपैकी एक. त्यामुळे आजारी भावाच्या दोन्ही प्रती बहिणीत जुळण्याची शक्यता चारात एक, एकच जुळण्याची निम्मी, आणि एकही न जुळण्याची पुन्हा चारात एक. दोन्ही जुळल्या आणि त्यात डीआर३ व डीआर४ असेल तर तिचा धोका सरासरी भावंडापेक्षा कितीतरी वर जातो. एकही जुळली नाही तर तो बराच खाली येतो. ‘भावंडाचा धोका पाच-सहा टक्के’ हा आकडा म्हणजे अशा अगदी वेगवेगळ्या मुलांची सरासरी आहे.

मग प्रत्येक भावंडाची जनुकं तपासून टाकावीत का? माझ्या मते घरच्यांना त्यातून फारसं हाती लागत नाही. धोका जास्त निघाला तरी पुढे अँटीबॉडीज तपासाव्या लागणारच, आणि कमी निघाला म्हणून कुणी छातीठोकपणे ‘होणारच नाही’ असं सांगू शकत नाही. जुळ्यांचं उदाहरण समोर आहेच: सगळी जनुकं तीच, तरी दुसऱ्याला होईलच असं नाही, आणि झाला तरी कधीकधी पंचवीस-तीस वर्षांनी. जनुकांखेरीज वातावरणाचा आणि निव्वळ योगायोगाचा वाटा मोठा आहे. टेडी नावाच्या अभ्यासात अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन इथली चार लाखांहून जास्त नवजात बाळं तपासून, धोक्याची एचएलए असलेली ८,६७६ मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली गेली. त्यातून एंटेरोव्हायरस गटातल्या विषाणूंच्या रेंगाळणाऱ्या संसर्गाकडे बोट दाखवणारे पुरावे मिळाले, पण ‘हे टाळा म्हणजे झालं’ असं एकही कारण हाती आलं नाही. पालकांनी ‘मी काय खायला घातलं, कुठे चुकलो’ याचा जाच करून घेऊ नये, तो या कारणासाठी.

ऑटोअँटीबॉडीज: सापडल्या कशा आणि सांगतात काय

१९७४ साली लंडनमध्ये जियान फ्रांको बोतात्सो, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी स्वादुपिंडाचा अतिशय पातळ गोठवलेला काप काचपट्टीवर घेतला, त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडला, मग चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी घातली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं हिरवी उजळली होती. रुग्णाच्या रक्तातलं काहीतरी नेमकं त्याच बेटांना जाऊन चिकटत होतं.

यानंतर लंडनच्याच अँड्र्यू कडवर्थ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरच्यांचं रक्त वर्षानुवर्षं गोळा केलं. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांच्या रक्तात या अँटीबॉडीज लक्षणांच्या कितीतरी आधीपासून होत्या. तोवर टाइप १ हा झटक्यात येणारा आजार मानला जायचा: मूल मागच्या महिन्यापर्यंत ठणठणीत आणि या महिन्यात अतिदक्षता विभागात. प्रत्यक्षात झटका फक्त शेवटच्या टप्प्याचा असतो. त्याआधी महिने किंवा वर्षं आत शांतपणे पडझड चाललेली असते. नातेवाइकांच्या तपासणीची सगळी कल्पना या एका शोधावर उभी आहे, आणि तो लागला तो घरच्यांनी पुन्हा पुन्हा रक्त दिलं म्हणून.

आज स्वादुपिंडाचे काप फारसे लागत नाहीत, कारण अँटीबॉडीज कोणत्या प्रथिनांना चिकटतात ते कळलं आहे. मुख्य चार आहेत. पहिली थेट इन्शुलिनविरुद्ध, १९८३ मध्ये सापडलेली. दुसरी जीएडी६५ या एन्झाइमविरुद्ध. हे एन्झाइम मेंदूतही असतं, आणि स्नायू लाकडासारखे ताठ होणाऱ्या एका दुर्मीळ आजाराच्या रुग्णांमुळे १९९० मध्ये त्याची ओळख पटली. तिसरी बीटा पेशींतल्याच आयए-२ या प्रथिनाविरुद्ध. चौथी झेडएनटी८ विरुद्ध, २००७ मधली. हे प्रथिन इन्शुलिनच्या साठ्यापर्यंत जस्त पोहोचवतं.

आता सगळ्यांत जास्त चुकणारा मुद्दा. या अँटीबॉडीज बीटा पेशींना मारतात का? बहुधा नाही. ते काम मुख्यतः टी-पेशींचं. जन्मतःच अँटीबॉडीज बनवू न शकणाऱ्या एका मुलालाही टाइप १ झाल्याची नोंद आहे. उलट टाइप १ असलेल्या आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, पण त्यामुळे बाळाला मधुमेह होत नाही. भिंतीवर आलेली ओल आतला नळ फोडत नाही, नळ फुटला म्हणून ओल येते. अँटीबॉडीजचं तसंच आहे. म्हणून रक्तातून अँटीबॉडीज काढून टाकून आजार थांबत नाही.

या अँटीबॉडीज पहिल्यांदा दिसण्याचं वय बऱ्याचदा अगदी लहान असतं. नऊ महिने ते दोन वर्षं या काळात सर्वाधिक मुलांत त्या उगवतात. इतक्या लहान वयात पहिली दिसते ती बहुधा इन्शुलिनविरुद्धची, आणि अशा मुलांत डीआर४-डीक्यू८ जास्त आढळतं. जीएडीची पहिली दिसते ती जरा उशिरा, आणि तिची जोडी डीआर३-डीक्यू२ शी जास्त लागते. म्हणजे एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या वाटा असाव्यात. नंतर, अगदी मोठेपणीही, त्या येऊ शकतात, पण वेग मंदावतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

समजा, दहा वर्षांच्या मुलाला टाइप १ आहे आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीची तपासणी केली. रिपोर्टवर चार ओळी: इन्शुलिन निगेटिव्ह, आयए-२ निगेटिव्ह, झेडएनटी८ निगेटिव्ह, जीएडी पॉझिटिव्ह, आकडा मर्यादेच्या किंचित वर. घरात सुतकी कळा. पण या कागदाचा अर्थ काय?

ती मर्यादा ठरते कशी, ते आधी बघू. निरोगी लोकांच्या रक्तातले आकडे क्रमाने लावून सहसा ९९ टक्के लोक ज्याच्या खाली येतात तिथे रेघ मारली जाते. म्हणजे रेघ मारतानाच मान्य केलेलं असतं की शंभरातला एक निरोगी माणूस तिच्यावर जाणार. चार चाचण्या केल्या तर शंभरात तीन-चार निरोगी माणसं कुठल्या ना कुठल्या एकीत पॉझिटिव्ह दिसणारच. पण ठरावीक दोन चाचण्या एकाच वेळी निव्वळ योगायोगाने पॉझिटिव्ह येण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी खाली जाते. एका अँटीबॉडीचं वजन आणि दोन अँटीबॉडीजचं वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामागे हा साधा हिशेबही आहे.

म्हणून या बहिणीच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे काही आठवड्यांनी नवं रक्त घेऊन, शक्यतो वेगळ्या पद्धतीने, पुन्हा तपासणं. किंचित वर असलेली एकटी जीएडी दुसऱ्या वेळी नाहीशी झालेली बऱ्याचदा दिसते. पुन्हाही तीच एकटी आली तर पुढच्या दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता साधारण १५ टक्के. दोन किंवा जास्त आल्या तर मात्र चित्र पालटतं. कोलोराडो, फिनलंड आणि जर्मनी इथल्या मुलांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा जास्त अँटीबॉडीज असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला, पंधरा वर्षांत ८४ टक्क्यांना. एकही अँटीबॉडी नसलेल्यांत पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

आणखी एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट: घरात आधीचा रुग्ण असो वा नसो, एकदा दोन अँटीबॉडीज पक्क्या झाल्या की पुढचा प्रवास साधारण सारखाच होतो. नातं त्या टप्प्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढवतं. पुढे ते फारसं मोजत नाही.

२०१५ पासून या प्रवासाचे तीन टप्पे मानले जातात. पहिला: दोन किंवा जास्त अँटीबॉडीज, साखर अगदी नॉर्मल. दुसरा: अँटीबॉडीज आहेतच, आणि साखर बिघडू लागली आहे, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९. लक्षणं काहीच नाहीत. तिसरा: साखर मधुमेहाच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे आपण ज्याला निदान म्हणतो ते. पहिल्या टप्प्यातून पाच वर्षांत तिसऱ्यात जाण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यातून सुमारे ७५. या मांडणीत पहिला टप्पा हाच आजाराची सुरुवात मानला आहे. ऐकायला कडक वाटतं, पण वस्तुस्थितीशी ते जास्त प्रामाणिक आहे.

रिपोर्ट वाचताना दोन खाचखळगे. इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू होऊन दोन आठवडे झाले की शरीर त्या बाहेरच्या इन्शुलिनविरुद्धही अँटीबॉडीज बनवू लागतं, त्यामुळे त्यानंतर इन्शुलिन अँटीबॉडीच्या चाचणीला निदानात अर्थ उरत नाही. आणि आईला टाइप १ असेल तर बाळाच्या पहिल्या वर्षात सापडलेल्या अँटीबॉडीज आईच्याच असू शकतात. त्या हळूहळू विरून जातात. असा रिपोर्ट बघून घाबरण्याआधी बाळ थोडं मोठं होऊ द्यावं आणि पुन्हा तपासावं.

कळून तरी काय उपयोग?

हा प्रश्न रास्त आहे, आणि बराच काळ त्याचं उत्तर निराशाजनक होतं. धोक्यातल्या नातेवाइकांना आधीच थोडं इन्शुलिन देऊन पाहिलं. अमेरिकेतल्या त्या प्रयोगासाठी ८४ हजारांहून जास्त नातेवाईक तपासले गेले आणि २००२ मध्ये निकाल आला: काही फरक नाही. युरोपात निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व देऊन पाहिलं, २००४ मध्ये तोच निकाल. बाळांना गाईच्या दुधातली प्रथिनं बारीक तोडलेलं खास दूध देऊन पाहिलं, २०१८ मध्ये तोच निकाल. त्यामुळे आजही कुणी एखादं चूर्ण, जीवनसत्त्व किंवा आहार सुचवून ‘याने अँटीबॉडीज जातात’ म्हणत असेल तर सरळ हात जोडावेत. याहून कितीतरी चांगल्या तयारीने केलेले प्रयत्न इथे आपटले आहेत.

पहिलं यश २०१९ मध्ये आलं. टेप्लिझुमॅब हे टी-पेशींना आवर घालणारं औषध दुसऱ्या टप्प्यातल्या ७६ नातेवाइकांवर तपासलं गेलं. काहींना चौदा दिवस शिरेतून औषध, बाकीच्यांना नुसतंच द्रावण. नुसत्या द्रावणाच्या गटात निम्म्या लोकांना दोन वर्षांत मधुमेह झाला. औषधाच्या गटात तिथवर पोहोचायला चार वर्षं लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ वर्षांपुढच्यांसाठी त्याला मान्यता दिली. हा बरा करणारा इलाज नाही. काही काळ पांढऱ्या पेशी कमी होतात, पुरळ उठतं, आणि औषध प्रचंड महाग आहे. पण नवव्या वर्षी होणारा आजार अकराव्या-बाराव्या वर्षी झाला तर मुलाला स्वतःची इंजेक्शनं समजतात, घेता येतात. दोन वर्षं म्हणजे किरकोळ, असं म्हणणाऱ्याने लहान मुलाच्या रात्रीच्या शुगर तपासलेल्या नसतात.

औषध मिळो न मिळो, एक फायदा आजच पदरात पडतो. टाइप १ चं निदान पुष्कळदा कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये होतं: इन्शुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होतं, उलट्या, धापा लागणं, गुंगी, आणि जीवावरही बेतू शकतं. जर्मनीत एरवी नव्या निदानांत साधारण पाचात एक मूल या अवस्थेत दवाखान्यात येतं. तिथल्याच बव्हेरिया राज्यात २०१५ पासून लहान मुलांची सरसकट अँटीबॉडी तपासणी सुरू झाली, आणि जी मुलं आधीच सापडली होती त्यांच्यात हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली राहिलं. आईवडिलांना काय बघायचं ते माहीत होतं, एवढाच फरक. सतत तहान, सारखी लघवी, कोरडं झोपणाऱ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं, वजन उतरणं. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर बघायची, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. ‘दोन पॉझिटिव्ह’ हे कळल्यानंतर काही घरांत मूल दोनदा पाणी प्यायलं तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आधीच एका मुलाचं करताना थकलेल्या आईवडिलांनी ‘आत्ता नको’ म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. तपासणी कधीही करता येते, आणि ती करण्याआधी ‘पॉझिटिव्ह आलं तर आपण काय करणार’ हे बोलून घेतलेलं बरं.

करायचं ठरलं तर कुणाचं आणि किती वेळा? आईवडील, भावंडं आणि मुलं हे पहिल्या फळीतले. अमेरिकेतल्या ट्रायलनेट या संशोधन प्रकल्पाने अशा नातेवाइकांसाठी अडीच ते ४५ वर्षं ही मर्यादा ठेवली होती, आणि भाचे, पुतणे, चुलत-मावस भावंडं, नातवंडं यांच्यासाठी २० वर्षांपर्यंतची. तपासलेल्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांत किमान एक अँटीबॉडी निघते. एका निगेटिव्ह रिपोर्टवर कायमचं थांबू नये, विशेषतः लहान मुलांत. एकदाच नव्हे तर दोनदा, साधारण दोन आणि सहा वर्षांच्या सुमारास तपासलं तर बालपणात आजार होणारी बरीच मुलं हाती लागतात. मोठेपणी निगेटिव्ह आलेल्या काकाने मात्र दरवर्षी सुई टोचून घेण्यात अर्थ नाही. अँटीबॉडीज पक्क्या निघाल्याच तर पुढे मोजायची ती साखर, अधूनमधून एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि गरजेप्रमाणे ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी. सोबत थायरॉइड आणि सीलिअ‍ॅक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा) या आजारांची तपासणीही करून घ्यावी, कारण ते याच जनुकांच्या आसऱ्याने फिरतात.

नातेवाइकांपुरती ही तपासणी ठेवली तर दहातले नऊ भावी रुग्ण तिच्याबाहेरच राहतात, हे गणित वर आलंच आहे. इटलीने त्याचं उत्तर कायद्यात शोधलं: सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे लहान मुलांची टाइप १ मधुमेह आणि सीलिअ‍ॅक या दोन्हींसाठी देशभर तपासणी करण्याचा कायदा संमत झाला, आणि त्यात घरात कुणाला आजार आहे की नाही, ही अट नाही.